ट्राउट आणि फ्लाय फिशिंग: लांब फेकायच्या आधी जवळ जायला शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साध्या गळाने मासे धरायची सवय आहे, आता ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी फ्लाय फिशिंग, म्हणजे किड्यासारख्या दिसणाऱ्या हलक्या नकली आमिषाने (फ्लायने) मासे धरणं, शिकायचं आहे. रॉड कोणता घ्यावा, फ्लाय कोणत्या लागतील, त्या स्वतः बांधाव्या का, आणि उसन्या सामानावर दोनदा प्रयत्न केला तेव्हा दोरी पायाशी वेटोळं होऊन का पडत होती? शेवटी तुम्ही विचारलंय, ‘वीस मीटर लांब फेकता यायला साधारण किती दिवस लागतात?’

या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण माझी पहिली दोन वर्षं त्यातच गेली. वीस मीटर फेकायची गरज नाही. वाहत्या पाण्यात मला लागलेले बहुतेक ट्राउट सहा ते दहा मीटरच्या आतले आहेत. एकदा समोरच्या काठाखालच्या डोहावर डोळा ठेवून मी गुडघाभर पाण्यातून ताडताड चालत निघालो. चौथ्या पावलाला बुटापासून हातभर अंतरावरून तीन काळ्या सावल्या सुटल्या आणि वरच्या अंगाला पसार झाल्या. ज्यांच्यासाठी एवढी पायपीट केली ते मासे मी तुडवत चाललो होतो. समोरच्या काठाला त्या दिवशी काहीच नव्हतं. म्हणून या उत्तरात फेकण्याबद्दल कमी सांगणार आहे. माशाच्या जवळ कसं जायचं आणि फ्लाय पाण्यावरून कशी जाऊ द्यायची, याबद्दल जास्त.

आधी ते वेटोळं. साध्या गळाला शिशाचं किंवा आमिषाचं वजन असतं. ते वजन उडतं आणि बारीक दोरा मागून ओढला जातो. फ्लाय म्हणजे गळावर गुंडाळलेली पिसं, केस आणि दोरा. तिला नावापुरतंही वजन नसतं, ती कितीही जोर लावला तरी उडत नाही. इथे वजन असतं ते दोरीत. फ्लाय लाइन जाड आणि गुळगुळीत आवरणाची असते, आपण तीच हवेत फेकतो आणि फ्लाय तिच्या टोकाला लटकून जाते. म्हणूनच रॉडवर आणि लाइनवर जो आकडा असतो तो वजनाचा असतो: 5 नंबरच्या लाइनच्या पहिल्या 30 फुटांचं, म्हणजे साधारण नऊ मीटरचं, वजन ठरलेलं आहे, 140 ग्रेन, जवळपास नऊ ग्रॅम. नऊ मीटर दोरी हवेत असेल तेव्हा 5 नंबरचा रॉड नीट वाकतो. तुम्ही बहुधा दोन मीटर दोरी बाहेर काढून जोरात हात फिरवत होता. रॉडला वाकवायला तेवढं वजन पुरत नाही, न वाकलेला रॉड काही ढकलत नाही, आणि दोरी पायाशी येते. जोर कमी आणि दोरी जास्त, हा पहिला बदल करा.

सामानाचं लवकर आटोपतो, कारण त्यावर लोक गरजेपेक्षा फार जास्त बोलतात. नऊ फूट लांब, 5 नंबरचा, चार तुकड्यांचा, मध्यम वाकणारा रॉड. त्याला 5 नंबरचीच तरंगणारी लाइन, पुढच्या बाजूला वजन असलेली. डब्यावर ‘डब्ल्यूएफ-5-एफ’ असं काहीतरी लिहिलेलं असेल. रीळ या मासेमारीत मुख्यतः दोरी सांभाळायला असतं, त्यात जीव अडकवू नका. पैसे मोजून आहेत? मग रॉडमध्ये वाचवा, लाइनमध्ये वाचवू नका. चांगली लाइन साध्या रॉडवर व्यवस्थित उडते. भेगा पडलेली, रिळावरच्या वेटोळ्यांची सवय लागलेली लाइन उत्तम रॉडलाही रडवते. बारीक ओढ्यांसाठी 3 नंबरचा रॉड, मोठ्या तळ्यांसाठी 7 नंबरचा, हे सगळं नंतर आपोआप सुचतं.

लाइनच्या पुढे लीडर येतो: हळूहळू बारीक होत जाणारा पारदर्शक दोरा, नऊ फुटांचा. त्याच्या टोकाचा सगळ्यात बारीक तुकडा म्हणजे टिपेट. टिपेटची जाडी ‘एक्स’मध्ये सांगतात आणि ते मोजमाप उलटं चालतं: आकडा मोठा तितका दोरा बारीक. 4 एक्स म्हणजे 0.18 मिमी, 5 एक्स 0.15, 6 एक्स 0.13. फ्लायच्या गळाचा आकारही असाच उलटा, 18 नंबरची फ्लाय 10 नंबरच्या फ्लायपेक्षा लहान. जुळवायचा सोपा हिशोब: फ्लायच्या नंबरला तीनने भागा, जवळपासचा एक्स मिळतो. 14 नंबरच्या फ्लायला 5 एक्स, 12 ला 4 एक्स. सुरुवातीला 4 आणि 5 एक्सची दोन रिळं खिशात असली की बास. गाठी तीनच शिका: फ्लाय बांधायला क्लिंच, टिपेट जोडायला सर्जन्स आणि लीडर लाइनला अडकवायला फासातून फास. गाठ आवळायच्या आधी थुंकीने ओली करायची. कोरडी गाठ आवळताना दोरा घासून तापतो, कमजोर होतो आणि नेमका मासा लागल्यावर तुटतो. संध्याकाळी अंधारात, गार बोटांनी क्लिंच बांधता येईपर्यंत घरी बसून सराव करा. ही गोष्ट कंटाळवाणी आहे, पण निसटलेल्या माशाची हळहळ त्याहून वाईट.

आता फेकणं. पहिले दहा दिवस पाण्याकडे फिरकू नका. मोकळ्या गवतावर उभे राहा आणि फ्लायच्या जागी रंगीत लोकरीचा तुकडा बांधा. रोज पंधरा मिनिटं पुरतात. आठवड्यातून एकदा सलग तीन तास केलंत तर फक्त खांदा दुखेल आणि चुका पक्क्या होतील. अंगठा मुठीच्या वरच्या बाजूला, कोपर शरीराजवळ. रॉडचं टोक पाण्याजवळून सुरू करायचं, वेग हळूहळू वाढवत मागे न्यायचं आणि एकदम थांबवायचं. मान वळवून मागे बघा. दोरी मागे एका वळणात उलगडत जाते, ती जवळजवळ सरळ झाली की पुढे सुरुवात करायची, तसाच वाढता वेग, तसंच एकदम थांबणं. शेजारी घड्याळाची तबकडी उभी धरली, बारा डोक्यावर, आणि तुमचं तोंड नऊच्या दिशेला असलं, तर पुढे दहावर थांबायचं आणि मागे एकवर.

यातली अवघड गोष्ट आहे ते मागचं थांबणं. हात मोकळा असतो, त्याला काहीतरी करावंसं वाटतं. चाबकासारखा फटकारा ऐकू आला तर समजा घाई केलीत. लोकरीच्या जागी खरी फ्लाय असती तर ती तुटून मागच्या गवतात पडली असती. दोरी जितकी लांब तितकं थांबणं मोठं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मनगट मोडणं. रॉड मागे आडवा पडतो, दोरी जमिनीला लागते आणि पुढे येताना तिच्यात जोर उरत नाही. यावर जुना उपाय: रॉडचं बूड सदऱ्याच्या बाहीत खोचून फेका, मनगट मोडायला जागाच राहत नाही. तिसरी चूक लीडरवर आपोआप पडणाऱ्या बारीक गाठी. लोक वाऱ्याला दोष देतात. बहुतेक वेळा त्या सुरुवातीलाच झटका दिल्यामुळे पडतात. रॉडचं टोक मध्येच खाली झुकतं आणि दोरीचं वरचं अंग खालच्या अंगाला ओलांडतं. अशी गाठ दिसली की तो तुकडा कापून टाका. तिथून दोरा निम्म्या ताकदीने तुटेल आणि तुम्हाला वाटेल की मासा फार मोठा होता.

नऊ मीटरवर एका परातीएवढ्या जागेत लोकर दहापैकी सहा वेळा पडायला लागली की नदीवर जायला तयार आहात. मागे झाडं असतात म्हणून रोल कास्टही लागेल: दोरी मागे उडवायचीच नाही, रॉड सावकाश मागे आणून दोरीचा पोट आल्यासारखा झोळ खांद्याशेजारी लोंबकळू द्यायचा आणि तिथून पुढे ढकलायचं. हे गवतावर नीट जमत नाही, कारण दोरीला पाण्याची पकड लागते. ते तळ्याच्या काठी करा. आणि एक सवय आत्तापासून लावून घ्या: फ्लाय पडली की दोरी लगेच रॉडच्या हाताच्या तर्जनीखाली दाबायची आणि दुसऱ्या हाताने मागून ओढत राहायची. नवशिक्यांचे निम्मे मासे एवढ्यामुळे जातात की मासा फ्लाय घेतो तेव्हा दोरी सैल लोंबत असते.

नदीवर पोहोचल्यावर दहा मिनिटं नुसतं बघा. बूट ओले करायचे नाहीत. माझ्यासोबत येणाऱ्या नव्या माणसांना हे सर्वात जड जातं. इतक्या लांबून आलोय आणि हा बसून काय राहिलाय, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

काय बघायचं? ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबतो आणि वाहत येणारं अन्न टिपतो. त्याचा सगळा हिशोब कष्टाचा आहे. वेगवान पाण्यात अन्न जास्त येतं, पण तिथे टिकून राहायला ताकद लागते. संथ पाण्यात आराम आहे, पण ताट रिकामं. म्हणून तो संथ पाण्यात राहतो आणि शेजारच्या वेगवान धारेत तोंड घालतो. वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातात ती रेघ शोधा. पाण्यावर ती खरोखर दिसते, बऱ्याचदा तिच्यावर फेसाचे बुडबुडे ओळीने चाललेले असतात. फेस ज्या वाटेने जातो त्याच वाटेने किडेही जातात. मोठ्या दगडामागची जागा सगळ्यांना सुचते; दगडाच्या पुढेही पाणी अडून एक मऊ उशी तयार होते, तिथेही मासा असतो आणि तिथे फार लोक फ्लाय टाकत नाहीत. काठाखाली पोखरलेली जागा, पाण्यावर ओणवलेली फांदी, गुडघाभर खळाळातले खोलगट खड्डे, संध्याकाळी डोहाचं खालचं उथळ टोक. चकाकणारा सपाट उथळ भाग उन्हात सोडून द्या.

तोंड प्रवाहाकडे असल्यामुळे त्याच्या पाठीमागून, म्हणजे नदीच्या खालच्या अंगाने वर सरकत जायचं. मागे त्याला थेट दिसत नाही. शिवाय पाण्याखालून बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं; प्रकाश वाकत असल्याने ही खिडकी साधारण 97 अंशांची असते आणि पाण्याच्या पातळीलगतच्या वस्तू तिच्या कडेला दबून जवळजवळ नाहीशा होतात. मासा जितका वर, तितकी त्याची खिडकी लहान. याचा व्यवहारातला अर्थ: वाका, गुडघ्यावर बसा, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभे राहू नका. मी आजही अर्ध्या दिवसात पँटचे गुडघे हिरवे करून येतो. पाण्यात पाय आपटला तर माशाला अंगावरच्या संवेदनरेषेने तो थरार कळतो, म्हणून पावलं लहान आणि सरपटती. आणि जवळचं पाणी आधी. काठापासून एका रॉडच्या अंतरावर पहिली फ्लाय, मग दोन रॉड, मग तीन. असं केलंत तर माझ्यासारखं तीन मासे उठवून देणार नाही.

आता या सगळ्या धंद्याचं मर्म सांगतो. नदीचा पृष्ठभाग एका वेगाने वाहत नाही. तुम्ही उभे आहात तिथे संथ, मध्ये जोरात, पलीकडे पुन्हा संथ. पलीकडच्या संथ पाण्यात फ्लाय टाकली की मधली धार दोरीचं पोट धरून खाली ओढते, आणि दोन सेकंदांत फ्लाय पाणी कापत, मागे इंग्रजी ‘व्ही’सारखी रेघ सोडत पळायला लागते. खरा किडा असा पळत नाही, तो पाण्याबरोबर जातो. लहानपणापासून हजारो किडे खाल्लेला ट्राउट ते पाहून तोंड फिरवतो. या ओढीला ड्रॅग म्हणतात. फ्लायचा रंग, आकार, नाव हे सगळं याच्यानंतर.

ओळखायचं कसं? फ्लायशेजारचा एखादा बुडबुडा किंवा पान हेरा आणि दोघांची शर्यत बघा. दोघं बरोबरीने चालली तर ठीक. फ्लाय पुढे गेली किंवा मागे रेंगाळली, तर ड्रॅग आहे. कधीकधी तो इतका सूक्ष्म असतो की तुम्हाला दिसत नाही, माशाला दिसतो.

उपायांमध्ये पहिला तोच, जवळ जाणं. पाच मीटरवर उभे असाल तर रॉड उंच धरून मधल्या धारेवर दोरी पडूच द्यायची नाही, फक्त लीडर पाण्यावर. पंधरा मीटरवर हे शक्यच नाही, दोरी चार वेगवेगळ्या धारांवर पडलेली असते. लांब फेकण्याची हौस मासे कमी करते ती अशी. दुसरा उपाय मेंड करणं: फ्लाय पडल्या पडल्या रॉडच्या टोकाने दोरीचं पोट उचलून धारेच्या वरच्या बाजूला ठेवायचं, फ्लाय न हलवता. धारेला ते पोट पुन्हा खाली आणायला जितका वेळ लागेल तितकी फ्लाय मोकळी. दोरी खेचून नव्हे, उचलून ठेवायची, अंगावरची चादर सारखी करताना झटकतो तसं. तिसरा म्हणजे फेकतानाच, दोरी हवेत असताना, रॉड वरच्या अंगाला आडवा नेणं, म्हणजे दोरी पडतानाच योग्य जागी पडते. जमायला वेळ लागतो पण एकदा हात बसला की मेंडपेक्षा सरस. तुमचं उद्दिष्ट सुरुवातीला फार छोटं ठेवा: दीड मीटर निखळ वाहणं. तेवढंच. योग्य जागी दीड मीटर पुरेसं असतं.

फ्लायचे ढोबळ तीन प्रकार. ड्राय फ्लाय पृष्ठभागावर तरंगते, निंफ पाण्याखाली तळाजवळून जाते, स्ट्रीमर लहान माशाची किंवा जळवेसारख्या जिवाची नक्कल करतो आणि ओढून चालवतात. ट्राउटचं बहुतेक खाणं पाण्याखाली होतं, म्हणून पुष्कळ जण सांगतात की नवशिक्याने निंफनेच सुरुवात करावी, मासा लवकर लागतो. माझं मत वेगळं आहे. पहिले काही दिवस ड्राय फ्लायच वापरा, कारण ड्रॅग डोळ्यांना दिसतो. पाण्याखालचा ड्रॅग दिसत नाही आणि जे दिसत नाही ते सुधारता येत नाही. हा वाद नवा नाही. फ्रेडरिक हॅलफर्ड हे इंग्लंडच्या चुनखडी प्रदेशातल्या स्वच्छ नद्यांवर ड्राय फ्लायचे कट्टर पुरस्कर्ते होते, तर जी. ई. एम. स्क्यूज यांनी त्याच नद्यांवर निंफची बाजू लावून धरली आणि 1938 मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर रीतसर चर्चा झाली. लोकांना एवढ्या गोष्टीवरून भांडता येतं, हे मला फार आवडतं.

मधला रस्ताही आहे. ड्राय फ्लायच्या गळाच्या वाकाला अर्धा मीटर टिपेट बांधून खाली एक निंफ सोडायची. वरची फ्लाय दिसते आणि तीच खालच्या फ्लायची खूण बनते. ती बुडाली, अडखळली, बाजूला सरकली की उचला. खोल पाण्यात निंफसाठी लीडरवर रंगीत तरंगणारी खूण लावतात, तिच्यापासून निंफचं अंतर पाण्याच्या खोलीच्या साधारण दीडपट. तळाला कधीच लागत नसेल तर वजन कमी आहे; प्रत्येक वेळी अडकत असेल तर जास्त. ट्राउट निंफ तोंडात घेऊन क्षणात थुंकून देतो, त्यामुळे नुसती शंका आली तरी रॉड उचला. दहापैकी नऊ वेळा तो दगड निघेल. असू दे, दगडाला राग येत नाही.

खोक्यात काय ठेवायचं ते नदीतला दगड सांगतो. हातभर पाण्यातला एखादा दगड उलटा करून बघा. चपट्या अंगाचे, बहुधा तीन शेपट्यांचे चुळबुळते जीव मेफ्लाय या किड्याच्या निंफ, म्हणजे पाण्यात वाढणारी पिल्लं, असतात. वाळूचे कण किंवा काड्या चिकटवून केलेल्या नळकांड्यात राहणारी अळी बऱ्याचदा कॅडिस या किड्याची. दोन शेपट्यांचे दणकट जीव स्टोनफ्लायचे, आणि अगदी बारीक, वळवळणाऱ्या अळ्या मिज म्हणजे चिलटांच्या. यापैकी मेफ्लाय विलक्षण आहे: पाण्यातून वर आल्यावर पंख फुटतात, उडता येतं, आणि मग ती आणखी एकदा कात टाकते. पंख आल्यावर पुन्हा कात टाकणारे कीटक तेवढेच. प्रौढ मेफ्लायला खाण्यायोग्य तोंडच नसतं. जोडी जमवायची, अंडी घालायची आणि पाण्यावर पडायचं. ट्राउट या प्रत्येक टप्प्याला हजर असतो.

तरी पहिल्या हंगामात सहा नमुने पुरतात. ड्रायमध्ये पॅराशूट ॲडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, निंफमध्ये फेझंट टेल आणि हेअर्स इअर, चिलटांसाठी झेब्रा मिज आणि स्ट्रीमर म्हणून वूली बगर. ॲडम्स ही लेनर्ड हॅलाडे यांनी 1922 मध्ये मिशिगनमध्ये बांधलेली फ्लाय. ती एका कुठल्या किड्याची हुबेहूब नक्कल नाही, करड्या रंगाचं काहीतरी खाण्यासारखं एवढंच ती सांगते, आणि शंभर वर्षांनंतरही चालते. प्रत्येक नमुना दोन आकारांत ठेवा, 14 आणि 16. मिज 18 किंवा 20, बगर 8 किंवा 10. मासे वर येऊन खातायत पण तुमची फ्लाय नाकारतायत, अशा वेळी खोकं उपसत बसू नका. आधी वाहणं सुधारा. मग उभं राहण्याची जागा बदला. मग टिपेट एक नंबर बारीक करा. मग तीच फ्लाय एक आकार लहान. नमुना बदलायची पाळी सर्वात शेवटी. मासा शिंतोडे उडवत खात असेल तर बहुधा कॅडिस. फक्त पाठ आणि शेपूट वर दिसत असेल, तोंड नाही, तर तो पृष्ठभागाच्या खालीच खातोय, ड्रायला हात लावणार नाही.

थर्मामीटर घ्या. गंमत म्हणून नाही. ट्राउट थंड पाण्याचा मासा, साधारण 10 ते 16 अंश सेल्सिअसमध्ये जोमाने खातो. पाणी 20 अंशांवर गेलं की गळ आवरा आणि घरी जा. 10 अंशांच्या पाण्यात लिटरला जवळपास 11 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 20 अंशांना 9. गरम पाण्यात माशाची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. अशा पाण्यात झुंजलेला मासा सोडला तरी नंतर मरू शकतो. उन्हाळ्यात पहाट, गारठ्यात दुपार, ढगाळ हवा असेल तर दिवसभर. ब्राउन आणि ब्रुक ट्राउट शरदात विणीला येतात, रेनबो मुख्यतः वसंतात. त्या काळात उथळ पाण्यात घासून स्वच्छ केलेला, आजूबाजूपेक्षा फिकट दिसणारा खडीचा पट्टा दिसला तर ती अंडी घातलेली जागा आहे, तिच्यावर पाय ठेवू नका. परवाना, बंद हंगाम, काटेविरहित गळाची सक्ती, ठेवता येणाऱ्या माशांची संख्या हे प्रत्येक नदीचं वेगळं असतं, निघण्याआधी वाचा.

मासा लागला की काय होतं ते सांगतो: तुम्ही घाबरता आणि घट्ट धरता. 5 एक्सचं टिपेट जेमतेम दोन किलोच्या ताणाचं, झटक्याला तर त्याहूनही कमी. लागल्याक्षणी रॉड फक्त उचलायचा, उपसायचा नाही. रॉड वाकलेला राहू द्या, धक्के तोच सोसतो. मासा पळाला तर दोरी बोटांतून जाऊ द्या, थांबला की आत घ्या. उडी मारली तर टोक खाली करा. वरच्या दिशेने ओढण्यापेक्षा रॉड आडवा करून बाजूने ओढला तर त्याचं डोकं फिरतं आणि तो लवकर दमतो. पण फार वेळ खेळवत बसू नका, दमलेला मासा म्हणजे अर्धा मेलेला मासा.

सोडायचा असेल तर घरातूनच गळांचे उलटे काटे पक्कडने दाबून टाका. जाळी रबराची, हात ओले. कोरडा हात माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर काढतो आणि तिथे बुरशी धरते. गळ शक्यतो पाण्यातच काढा. फोटो हवाच असेल तर मासा पाण्याबाहेर दहा सेकंदांपेक्षा जास्त नको. मग प्रवाहाकडे तोंड करून धरा, तो स्वतः निसटेपर्यंत. दाबलेल्या काट्याचा फायदा तुम्हालाही आहे. माझ्या कानाच्या पाळीत एकदा 12 नंबरची फ्लाय रुतली होती, वारा उजवीकडून होता आणि मी हट्टाने उजव्या खांद्यावरूनच फेकत होतो. काटा नव्हता म्हणून ती सुटून आली. डोळ्यांवर पोलराइज्ड चष्मा आणि डोक्यावर टोपी याला सूट नाही. चष्म्याने पाण्यावरची चकाकी जाऊन मासेही दिसतात.

पाण्यात उतरताना वेडर्स, म्हणजे पाणी आत न येऊ देणारी उंच पँट, घातले तर कमरेचा पट्टा घट्ट आवळा, पडलात तर आत पाणी कमी शिरतं. हातात काठी असू द्या. मांडीच्या वर वेगाचं पाणी आलं की मागे फिरा. वीज चमकली की रॉड खाली ठेवून दूर व्हा. रॉडच्या कार्बन फायबरमधून वीज वाहते, आणि तुम्ही त्याचा नऊ फुटी खांब हातात धरून उभे असता. हेच विजेच्या तारांखाली. एका नदीवरून दुसरीवर जाताना बूट, जाळी घासून पूर्ण वाळवा. डिडिमो नावाचं एकपेशीय शैवाल 2004 मध्ये न्यूझीलंडच्या नद्यांत आढळलं. ते ओल्या सामानातून पसरतं, आणि तिथे पुढे फेल्टच्या (नमद्यासारख्या दाट कापडाच्या) तळव्याच्या बुटांवर बंदी घालावी लागली, कारण फेल्ट लवकर वाळतच नाही.

राहिला प्रश्न फ्लाय स्वतः बांधण्याचा. पहिलं वर्ष विकत घ्या. अजून फेकताना दिवसाला चार-पाच झाडांत अडकतील, त्या हाताने बांधलेल्या असल्या तर तुम्ही झाडाजवळ टाकायलाच धजणार नाही, आणि मासे नेमके झाडाजवळ असतात. नंतर बांधायला बसाल तेव्हा 8 नंबरच्या वूली बगरपासून सुरुवात करा, मोठा गळ आहे, बोटं मावतात आणि वाकडी झाली तरी पाण्यात ती चांगलीच हलते. मग फेझंट टेल. इंग्लंडमध्ये एव्हन नदीचे रखवालदार असलेले फ्रँक सॉयर ती दोराच न वापरता बांधत: तांब्याची बारीक तार आणि तितर-कुळातल्या फेझंटच्या शेपटीच्या पिसाचे चार-पाच तंतू, तीच तार बांधायलाही आणि वजनालाही. माझ्या पहिल्या दहा फेझंट टेलमधली एकही दुसरीसारखी नव्हती. त्यातली सर्वात बेढब मी अजून वापरतो.